आसेगावच्या पेटीची मुकी पट्टी

मी एक जुनी पेटी आहे. शहरातली माणसं मला हार्मोनियम म्हणतील, पण आमच्या आसेगावात नुसतं 'पेटी' म्हटलं तरी सगळे माझ्याकडेच बघतात. मित्रांनो, माझी एक पट्टी मुकी आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी डोळे पुसतात आणि म्हणतात, आम्हाला दुरुस्त करा, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझं म्हणणं थोडं उलटंच आहे. ते मी शेवटी सांगेन, कारण शेवटच्या ओळीचं मोल काय असतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

माझा जन्म अकोल्याच्या एका बोळातला. तिथे एक म्हातारा कारागीर मांडी घालून बसायचा आणि सागवानाच्या फळ्यांना रंधा मारायचा. भात्याला त्याने जाड कापड आणि चामडं लावलं, पट्ट्या घासून घासून गुळगुळीत केल्या आणि प्रत्येक पट्टीखाली एकेक पितळी सूर बसवला. सूर म्हणजे पितळेची बारीक जीभ. वारा लागला की ती थरथरते आणि गाते. श्रीमंत पेट्यांना एका पट्टीखाली दोन-दोन, तीन-तीन जिभा असतात. एक तुटली तर दुसरी सांभाळून घेते. मी एकेरी. माझ्या कुठल्याच सुराला पाठीराखा नव्हता.

पहिली काही वर्षं मी कारंज्याच्या एका नाटक मंडळीत काढली. राजे आले, राण्या आल्या, रडण्याची पदं झाली, लढाईची झाली. मग तोट्यात मंडळी बसली आणि मीही एका कोपऱ्यात बसले. तिथून मला घ्यायला आला तो भिवाजी. इंझोरीचा. कारंज्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. त्यांच्या वस्तीने नुकताच नवा धम्म घेतला होता, विहाराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि वंदनेला, गाण्याला पेटी पाहिजे म्हणून सगळ्यांनी मिळून भिवाजीला पाठवलं होतं.

नाटक मंडळीच्या मालकाने मला ओसरीच्या पायरीवर ठेवलं, चार पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "ने उचलून." भिवाजी उभाच राहिला. मालक पुन्हा म्हणाला, ने की. भिवाजीचा आवाज काही वाढला नाही. तो म्हणाला, "असं नाई जमत मालक. पेटी हातातून हातात द्या. नाई तं राहू द्या तुमच्या पायरीवर."

शेवटी मालक पुढे आला, त्याने मला उचललं आणि भिवाजीच्या हातांवर ठेवलं. दोघांची बोटं माझ्या बुडाशी एकमेकांना लागली. माझ्यावर तोवर पुष्कळ बोटं फिरली होती मित्रांनो, पण ती बोटं मला आजही आठवतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की वस्तू कशी दिली जाते, यालाही अर्थ असतो.

भिवाजीची लेक भागिरथा तेव्हा आठ वर्षांची होती. आई लवकर गेल्यामुळे धाकटी भावंडं तिच्या कडेवर आली होती आणि शाळा पहिलीतच सुटली होती. अक्षरं तिच्या हाती लागली नाहीत, पण माझ्या पट्ट्या लागल्या. भिवाजी कामावर गेला की ती भावाला मांडीवर घ्यायची, एका हाताने भाता हलवायची आणि दुसऱ्या हाताने ऐकलेलं गाणं शोधत बसायची. चुकलं की स्वतःलाच हसायची. वर्षभरात ती विहारात वंदना वाजवू लागली. पुढे आवाज खुलला आणि लोक म्हणू लागले, भिवाजीच्या पोरीचा गळा म्हणजे काय बाप्पा, दोन शेतं पलीकडे ऐकू जातो.

तिचं लग्न आसेगावच्या जानरावशी झालं. जानराव मजुरी करायचा आणि ढोलकी वाजवायचा. भिवाजीने वस्तीला विचारलं, पेटी पोरीसंगं देऊ काय? वस्ती म्हणाली, वाजवणारी तीच, तर पेटी इथे ठेवून काय करता. अशी मी भागिरथासोबत सासरी निघाले. एसटीच्या टपावर, दोन गाठोड्यांच्या मध्ये. मंगरूळच्या स्टँडवर कुणीतरी घाईने मला खाली ओढलं. हात सुटला, मी कडेवर आपटले. माझं लाकूड वाचलं, भाता वाचला, पण आत एक पितळेची जीभ तुटली. मधल्या सप्तकातली, भागिरथाच्या गाण्यात जिथे धैवत येतो नेमकी तिथली. ती पट्टी दाबली की सूर निघायचाच नाही. नुसता वारा निघायचा. फूऽऽ.

भागिरथा त्या दिवशी खूप रडली. नव्या नवरीचं रडणं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. अकोल्याला नेऊ, अकोल्याला नेऊ, असं जानराव म्हणत राहिला. पण पेरणी आली, निंदण आलं, कापूस वेचणीला आला, आणि अकोला होतं तिथेच राहिलं.

मग गोमतीचा जन्म झाला. तिला सगळे गोमी म्हणायचे. गोमी झोपेची वैरी होती. दिवसभर रानात राबून आलेली आई तिला थोपटता थोपटता स्वतःच पेंगायची आणि ही टकाटका बघत राहायची. एका दुपारी उन्हाने कुडाची भिंत तापली होती. भागिरथाने गोमीला मांडीवर घेऊन मला पुढे ओढलं आणि वाजवता वाजवता तिचं बोट चुकून मुक्या पट्टीवर पडलं. फूऽऽ. गोमीचा गाल तिथेच होता. वाऱ्याची बारीक झुळूक तिच्या गालावर गेली. तिने डोळे मिटले. पुन्हा पट्टी दाबली, पुन्हा झुळूक. चार वेळा फुंकर घातली आणि पोर झोपली. भागिरथा माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काय वं, इतके दिवस सांगायचं नाई काय?"

त्यानंतर अकोल्याचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही. माझ्या बाकीच्या पट्ट्या लोकांसाठी होत्या. ती एक गोमीची होती.

असंच गोमीला निजवताना भागिरथाने एक गाणं बांधलं. गोमी तेव्हा धड बोलतही नव्हती. गाण्यातली गोमी मात्र आईजवळ पाटी मागत होती.

*कापूस वेचता लेक बोलली,*
*आई, मले दे पाटी,*
*हं आई, मले दे पाटी.*

*लेखण नाई तं कोळसा चालंल,*
*भिंतीची करीन पाटी,*
*हं आई, भिंतीची करीन पाटी.*

चाल वर चढत होती, आणि दुसऱ्या ओळीनंतर तिला धैवत हवा होता. पण तिथे तर माझा वारा. वाजवावं तर भाता रिकामा होतो, न वाजवावं तर चाल लंगडते. भागिरथाने काय केलं ठाऊक आहे? तिथे आली की ती पट्टी सोडून माझ्या लाकडावर थाप मारायची. एकच, उघड्या पंजाने. आणि मग थेट पुढच्या सुरावर उडी. पायरी तुटलेल्या जिन्यावरून पोरं कशी उडी मारतात, तशी. ती थाप आणि ती उडी अशी काही जमून गेली की गाण्यात तेवढीच जागा सगळ्यांच्या ध्यानात राहायची. शेजारची दुर्गाबाई निंदताना हे गाणं म्हणायची तेव्हा थापेच्या जागी खुरपं दगडावर आपटायची.

शेवटचं कडवं असं होतं:

*भागिरथा सांगे आपल्या लेकीले,*
*पयलं लिही नाव माझं,*
*हं पाटीवर लिही नाव माझं.*

आमच्याकडच्या गाण्यात ही रीतच आहे. ज्याने गाणं बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. वहीत लिहिलेलं नसतं, छापलेलं नसतं, पण गाणं जिथे जाईल तिथे ते नाव त्याच्या पदराला बांधलेलं जातं. भागिरथाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तिने ते गाण्यात ठेवलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. बाबासाहेबांची जयंती चौदा एप्रिलची. पण आमच्या भागात ती महिना-दीड महिना गावोगाव चालते, कारण नावाजलेल्या गायन पार्ट्या एकाच दिवशी सगळीकडे कशा जातील? त्या वर्षी, म्हणजे पंचाहत्तर साली, आमच्या इकडच्या मालेगावला जगदेव कव्वालाची पार्टी येणार होती. जगदेवचं नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं? त्याच्या पार्टीत दोन पेट्या, दोन ढोलक्या, बँजो, झांजा, आणि सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे कोट. लोक बैलगाड्या जुंपून ऐकायला यायचे.

आणि अशा पार्टीच्या आधी गावातलंच कुणीतरी बसवावं लागतं. मोठे लोक सावकाश येतात, चहा घेतात, वाद्यं लावतात. तोवर माणूस जमायला पाहिजे आणि जमलेला उठून जायला नको. म्हणून दिवेलागणीला लहान पार्टी चढते आणि मोठी आली की उतरते. मालेगावच्या जयंती समितीचे माणिकराव आसेगावला आले आणि भागिरथाला म्हणाले, "बाई, पार्टी येईस्तोवर तुमी बसा. मी हात हालवला की उठा मात्र."

जगदेवच्या आधी गायचं, या एका गोष्टीने भागिरथा पंधरा दिवस जमिनीवर नव्हती. दुर्गाबाईने तिला चिडवून हैराण केलं. म्हणाली, "आता आमाले ओळख देशीन ना वं तू?"

त्या संध्याकाळी मैदानात सतरंज्या अर्ध्या रिकाम्या होत्या. समोर बाबासाहेबांची तसबीर, बाजूला आम्ही. भागिरथाच्या मांडीला टेकून गोमी, मागे जानराव ढोलकीवर, शेजारी दुर्गाबाई झांजेवर. पहिली वंदना झाली, मग एक जुनं गाणं झालं. तिसरं तिने स्वतःचं काढलं. मित्रांनो, पहिल्या थापेला लोकांनी नुसतं बघितलं. दुसऱ्या थापेला चार टाळ्या पडल्या. तिसऱ्या थापेला सगळं मैदान टाळी वाजवत होतं. मागून येणारे लोक पळत येऊन बसू लागले. आणि तेवढ्यात माणिकरावांनी हात हालवला.

फक्त शेवटचं कडवं राहिलं होतं. भागिरथाने एकदा तिकडे पाहिलं, एकदा लोकांकडे पाहिलं. हात हालतच होता. ती उठली. एका हातात मी, एका कडेवर गोमी. तिचं नाव माझ्या भात्यातच राहून गेलं.

स्टेजच्या मागे जगदेव उभा होता, हातात चहाची कपबशी. उंच, कुरळ्या केसांचा, बोलायला गोड. त्याने विचारलं, बाई, ही चाल कुणाची? भागिरथा लाजून म्हणाली, माझीच. तो म्हणाला, फारच छान आहे, पुन्हा एकदा म्हणा. तिने म्हटलं, शेवटच्या कडव्यासकट. त्याच्या पार्टीचा बँजोवाला मोहनसिंग, चष्मा लावणारा पोक्त माणूस, भराभर वहीत उतरवून घेत होता. भागिरथाने त्याला विचारलं, "दादा, माझं नाव लिवलं ना?" मोहनसिंगने वही तिच्यापुढे धरली आणि बोट ठेवून दाखवलं, हे बघा बाई, इथे. तिला वाचता येत नव्हतं. पण तिने त्या जागेकडे असं पाहिलं, जसं आपण पाळण्यात पाहतो.

येताना ती बैलगाडीत जानरावला सांगत होती की आता आपलं गाणं कुठे कुठे जाईल. इतक्या मोठ्या माणसाने मागितलं, आपण दिलं. हातातून हातात.

गाणं गेलं, खरोखर लांब गेलं. दिवाळीनंतर दुर्गाबाई पुसदकडे बहिणीच्या गावी जाऊन आली आणि दोन दिवस आमच्या घरी फिरकलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली ती खाली मान घालून. म्हणाली, तिथे जगदेवचा कार्यक्रम झाला. तुझं गाणं म्हटलं त्याने. थाप जिथल्या तिथे मारली. लोक नाचले.

भागिरथा हसली. म्हणाली, मंग मान काहून खाली घालून राह्यली?

दुर्गाबाईने मग शेवटचं कडवं म्हणून दाखवलं. *जगदेव सांगे आपल्या लेकीले, पयलं लिही नाव माझं.*

जानरावने ढोलकीची दोरी ओढायला घेतली आणि तशीच सोडली. मग तो म्हणाला की जाऊ दे, मोठी माणसं आहेत, आपण कुठे त्यांच्या नादी लागायचं. भागिरथानेही तेच मानलं. पण मार्गशीर्षात गावात एक लग्न होतं. बायांनी आग्रह केला म्हणून तिने तेच गाणं काढलं. पहिलं कडवं झालं नाही तोच वऱ्हाडातला एक माणूस कौतुकाने म्हणाला, "वा बाई, जगदेवचं गानं बराबर उचललं तुमी."

तिची बोटं माझ्यावर थांबली. तिने भाता मिटला, कडी लावली. त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही, तीन महिने तिने ती कडी काढली नाही.

मला गोधडीत गुंडाळून फळीवर ठेवलं गेलं. माझ्यावर सुपं आली, रिकामे डबे आले. भात्याच्या घडीत एक पाल राहायला आली. मी तुमच्यासारख्या मुलांना सांगायला हवं की तेव्हा मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही, मला राग आला. नाटकाच्या कोपऱ्यात मी पडून होते तेव्हा निदान कुणी माझं काही नेलं नव्हतं. इथे तर माझी तुटकी जीभसुद्धा जगदेवने नेली होती. त्याच्या दोन्ही पेट्यांच्या सगळ्या पट्ट्या बोलत होत्या आणि तरीही तो नेमक्या त्याच जागी थाप मारत होता. का मारतो, हे त्याला ठाऊक होतं काय?

गोमी मात्र हार मानणारी नव्हती. झोपायच्या वेळी फळीकडे बोट दाखवून ती फूऽ फूऽ करायची. भागिरथा तिला फळीकडे पाठ करून निजवायची. एकदा पोर इतकी रडली की तिने चिडून मला खाली काढलं, कडी उघडली, पाल हुसकावून लावली आणि पट्टी दाबली. गोमी गप्प झाली. भागिरथा बराच वेळ ती एकच पट्टी दाबत राहिली. पोर झोपल्यावरही दाबत राहिली.

फाल्गुनात इंझोरीहून भिवाजी आला. आता थकला होता, काठी टेकत आला. म्हणाला, औंदा आपल्या इंझोरीला जगदेवची पार्टी ठरली आहे, आणि समितीने मला विचारलं की आधी तुझी पोर बसंल काय. जानराव एकदम उठला. तो सहसा आवाज चढवत नसे, त्या दिवशी चढवला. ज्याने आपलं नाव खाल्लं त्याच्यासाठी माणूस जमवून द्यायचा? आपण काय त्याच्या सतरंज्या अंथरणारे आहोत?

भिवाजीने लेकीकडे पाहिलं. भागिरथा तांदूळ निवडत होती. ती खडे वेचता वेचता म्हणाली, "मी बसतो बाबा."

जानराव म्हणाला, "अवं, पुन्हा हात हालवतीन अन् पुन्हा उठा लागंल तुले."

"हालवू द्या. उठीन मी," भागिरथा म्हणाली. "पन पयले कोन म्हनते? मी. मांगच्या डावा शेवट राह्यला होता. या डावा मी शेवटापासून सुरू करतो."

मित्रांनो, जागच्या जागी माझा भाता आपोआप फुलल्यासारखं मला वाटलं. आधी बसणाऱ्याला लोक कमी समजतात. पण रिकाम्या मैदानावर पहिला शब्द त्याचाच पडतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

इंझोरीची ती संध्याकाळ. विहारापुढचं मैदान, गॅसबत्त्या नुकत्याच पेटत होत्या. भिवाजी पुढच्या सतरंजीवर काठी आडवी ठेवून बसला. भागिरथाने वंदना म्हटली. मग कुणाकडेही न बघता तिने माझा भाता भरला आणि थेट सुरू केलं:

*भागिरथा सांगे आपल्या लेकीले,*
*पयलं लिही नाव माझं…*

थाप.

लोक चमकले. जगदेवचं गाणं त्यांना पाठ होतं, पण ते असं सुरू होत नव्हतं. मग तिने पहिलं कडवं घेतलं, आणि कडवं संपताच पुन्हा तेच, भागिरथा सांगे. दुसरं कडवं, पुन्हा भागिरथा सांगे. शेवटचं कडवं तिने ध्रुवपद करून टाकलं होतं. प्रत्येक वळणावर ते परत येत होतं. आधी दुर्गाबाईने साथ दिली, मग इंझोरीच्या तिच्या बालपणीच्या मैत्रिणींनी, मग माहेरची सगळी वस्ती म्हणू लागली. पोरं म्हणू लागली. म्हाताऱ्या बाया दात नसलेल्या तोंडाने म्हणू लागल्या. माझ्या लाकडावर थाप पडली की मैदानभर टाळी पडे. मी जुनी, एकेरी, एका पट्टीने मुकी पेटी. पण त्या दिवशी माझ्या सुरांत कुठे भोक आहे हे कुणी ओळखलं नसतं.

समितीचा हात हालला. भागिरथाने ओळ पुरी केली, तसबिरीला हात जोडले आणि शांतपणे उतरली. जे म्हणायचं ते सगळं म्हणून झालं होतं.

मग निळे कोट चढले. जगदेव गायला, आणि खोटं कशाला बोलू, फार सुंदर गायला. चौथं गाणं त्याने तेच काढलं, कारण लोक त्याच गाण्याची वाट बघत असायचे. कडवी झाली, थापा झाल्या, टाळ्या झाल्या. शेवटचं कडवं आलं. त्याने तोंड उघडलं, "जगदेव सांगे..."

आणि सगळं मैदान म्हणालं, *भागिरथा सांगे.*

त्याला वाटलं, चुकून झालं. त्याने हसून पुन्हा सुरुवात केली, जरा वरच्या सुरात. लोकही वरच्या सुरात गेले. शिट्टी नाही, शिवी नाही, कुणी उठून भांडलं नाही. ते फक्त गात होते. तिसऱ्यांदा जगदेवने ओळ धरलीच नाही. मोहनसिंगचा बँजो तेवढा वाजत राहिला आणि लोकांनी कडवं पुरं केलं. भिवाजीने काठी जमिनीवर एकदा आपटली, बरोबर थापेच्या जागी. मग जगदेवने दुसरं गाणं घेतलं.

मधल्या चहाच्या वेळेला तो आमच्याकडे आला. भागिरथा विहाराच्या ओट्यावर मला पुढ्यात घेऊन बसली होती, मांडीवर गोमी पेंगत होती. तो उभ्यानेच म्हणाला, बाई, माणसं शिकवून ठेवली तुम्ही माझ्याविरुद्ध.

भागिरथा म्हणाली, "मी कोनाले काई शिकवलं नाई दादा. मी माझं गानं म्हनलं. तुमच्या वहीत माझं नाव लिवलं होतं. वाचा ना."

वही मोहनसिंगजवळ होती. जगदेव काही बोलायच्या आत त्याने चष्मा वर सरकवला, पान काढलं आणि हळू आवाजात वाचलं, "भागिरथा सांगे आपल्या लेकीले." त्याने खरंच लिहिलं होतं. त्याने ते खोडलंही नव्हतं. वाचून झाल्यावर त्याने वही मिटली आणि तो दुसरीकडे बघू लागला.

जगदेव म्हणाला की गाणं एकदा लोकांत गेलं की कुणाचं राहत नाही, चाल तर काय, वाऱ्यावरची असते.

"वाऱ्यावरचीच हाय," भागिरथा म्हणाली. "तुमची पेटी तं पुरी बोलते ना दादा? मंग त्या जागी तुमी थाप काहून मारता?"

इतकी गावं, इतके कार्यक्रम, इतक्या थापा, पण जगदेवला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारच केला नव्हता.

भागिरथाने भाता एकदा ओढला आणि माझी मुकी पट्टी दाबली. फूऽऽ. त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं. ती म्हणाली, "याच्यापायी."

त्याने पेटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. माणूस अगदीच वाईट नसावा, कारण थोड्या वेळाने तो म्हणाला, बाई, आमचा माणूस आहे पेट्या नीट करणारा, पाठवा, सूर बसवून देईल. कदाचित ती माफी असेल. कदाचित माफीच्या ऐवजी असेल.

"राहू द्या," भागिरथा म्हणाली. "तिच्यानं माझी पोर झोपते."

एवढंच झालं. मोठा विजय झाला, असं मी म्हणणार नाही. लांबच्या गावांत जगदेव अजूनही त्या कडव्यात स्वतःचं नाव घेतो, असं ऐकू येतं. पण इंझोरी, मालेगाव, आसेगाव, मंगरूळ या भागात तो आला की ते गाणं घेत नाही, आणि घेतलंच तर शेवटचं कडवं लोकांवर सोडून देतो. भागिरथा आजही मोठ्या पार्टीच्या आधी बसते. दिवेलागणीला, अर्ध्या रिकाम्या सतरंज्यांपुढे. हात हालला की उठते. पण आता शेवटाची वाट बघत नाही.

यंदा गोमी शाळेत जाऊ लागली. आता तिला निजवायला फुंकर लागत नाही, तरी कधी कधी येऊन गाल टेकते. गेल्या आठवड्यात ती पाटी घेऊन माझ्याजवळ बसली आणि एक शब्द गिरवू लागली. गिरवला, पुसला, पुन्हा गिरवला. आई चुलीपुढे होती. मग पोरीला काय वाटलं कोण जाणे, तिने चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि माझ्या झाकणावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाकड्यातिकड्या अक्षरांत तोच शब्द लिहिला. भागिरथाने हात पुसले, येऊन बघितलं. तिला वाचता येत नाही. पण ती अक्षरं तिने ओळखली. वहीतल्या पानावर पाहिली होती ना, मोहनसिंगच्या बोटाखाली. तिने गोमीचा कोळशाचा हात धरला आणि त्या अक्षरांवरून स्वतःचं बोट फिरवलं, एक एक करत, लहानपणी शिकताना ती माझ्या पट्ट्यांवरून फिरवायची तसं.

तर मित्रांनो, मी सांगितलं होतं तसं, माझं मागणं उलटं आहे. माझी पट्टी दुरुस्त करू नका. झाकणावरचा कोळसा पुसू नका. गाणं मात्र खुशाल न्या, कुठेही न्या, माझ्याहून चांगल्या पेट्यांवर वाजवा. पण ते हातातून हातात घ्या. थाप कशाची आहे ते विचारून घ्या. आणि कुणी हात हालवून उठवलं, तरी शेवटची ओळ पुरी म्हणूनच उठा.